दुन्याचा चेहरा धरणारी पट्टी

मित्रांनो, मी संगणकातली एक जुनी, निकामी झालेली मेमरीची पट्टी आहे. रंग हिरवा, एका कडेला सोनेरी दात. सध्या माझा मुक्काम पिरोत गावी रोसांदाबाईंच्या बटणांच्या डब्यात असतो.

माझी जुळी बहीण आणि मी एकाच यंत्रात शेजारी बसायचो. यंत्र चालू आहे तोवर समोरचे धरून ठेवायचे, बंद झाले की पाटी कोरी, एवढेच आमचे काम. मग हे सारे मला कसे ठाऊक? बाई कॉफीला येणाऱ्या प्रत्येकीला ही गोष्ट सांगतात आणि मी डब्यातून ऐकते.

बाईंची एकुलती एक लेक दुन्या नॉर्वेत असते. दर रविवारी ती पडद्यावर यायची. तिचा चेहरा धरण्याइतके सुख मला दुसऱ्या कशात नव्हते. बाईंनीही आमचे फार लाड केले. वाऱ्याचा झोत माणसाला बाधतो, तसा यंत्रालाही बाधेल म्हणून त्यांनी महिनाभर खपून क्रोशाचे जाड झाकण विणले आणि यंत्राला घातले. शेजारणींनी ते नावाजले. आत आमचा जीव उकाड्याने कासावीस होत होता.

पुढे मी चुकू लागले. नेमके त्याच वर्षी दुन्याला वडिलांच्या वर्षश्राद्धाला येता आले नाही.

"सगळं गाव आलं, तूच तेवढी..." बाईंनी सुरुवात केली आणि पडदा गोठला. पुढच्या रविवारीही तेच झाले. पूर्वी बाई रागावल्या की फोन आपटायच्या. त्यामुळे आईनेच फोन तोडला असे लेकीला वाटले, आणि लेकीने तोडला असे आईला. मग अकरा रविवार दोघीही गप्प बसल्या.

बाराव्या रविवारी बाई दुन्याचे लहानपणचे फोटो बघत होत्या. तेव्हाही पडदा गोठला. आता तर फोन तोडायला पलीकडे कोणीच नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी यंत्र दुरुस्त करणाऱ्या नेगोवानला बोलावले.

"काकू, याला शाल कशाला पांघरलीत? आत भट्टी झालीय."

"झोत लागतो रे."

"अहो, त्याला झोतच हवा असतो."

त्याने मला काढून बहिणीला एकटीला चालवले. यंत्र सुरळीत चालले. मग मला एकटीला बसवले. पाच मिनिटांत गोठले. माझे दात खोडरबराने घासून त्याने मला दुसऱ्या खाचेत बसवले आणि मेमरीची तपासणी लावली. दुपारच्या कॉफीपर्यंत पडदा चुकांच्या लाल ओळींनी भरून गेला होता.

"सापडला चोर. काकू, फोन कोणीच तोडत नव्हतं. ही पट्टी अडकत होती."

"म्हणजे तीही तिकडे माझी वाट बघत असेल?"

"मला काय विचारता? तिलाच विचारा की."

बहिणीच्या भरवशावर फोन लागला.

"आई, राग गेला वाटतं तुझा? फोन आपटलास ना माझ्यावर?"

"मी नाही गं. या सटवीने आपटला." बाईंनी मला कॅमेऱ्यासमोर धरले.

"एवढीशी?" दुन्या म्हणाली, आणि दोघी हसता हसता रडल्या.

मित्रांनो, यंत्रांना मोकळी हवा द्या. आणि बोलणे मध्येच तुटले तर रुसून बसण्याआधी एकदा परत फोन लावा.

मला माझ्या निकामी होण्याचे दुःख नाही. दुन्याचा चेहरा मी कितीतरी रविवार धरला. तिने मला पाहिले ते मात्र एकदाच, आणि तेव्हा माझ्यात वीज नव्हती. ती हसली म्हणतात. मला ते दिसले नाही.