हरणछाप बुटाचा हेवा

मित्रांनो, जीपच्या मागे उलटा टांगलेला जुना बूट तुम्ही पाहिला असेल. मी एक तसाच जुना बूट आहे, कॅनव्हासचा, डाव्या पायाचा. आज मनातलं एक पाप तुमच्यापाशी बोलून टाकतो.

माझं कूळ साधं नव्हे बरं. पत्र्याच्या एका शेडमध्ये शाळेच्या कवायतीसाठी आमचे पूर्वज शिवले गेले. पांढरं कापड, रबरी तळ आणि घोट्यापाशी उडी घेणारं हरीण. त्या हरणाने लोकांना वेड लावलं होतं. मुलं पाटीवर आधी हरीण काढत, मग श्रीगणेशा. तालुक्याच्या न्हाव्याने दुकानाच्या पाटीवर हरीण रंगवून घेतलं. नवरदेव धोतरावर आमचे पांढरे बूट घालून मांडवात उभे राहत. हे सगळं मी दुकानाच्या फळीवर थोरल्या जोड्यांकडून ऐकलं आणि मनात म्हटलं, आपलाही दिवस येईल.

तो आला. किन्हीराजा गावाजवळच्या तांड्यावरच्या निताने मला घेतलं. तिला पोलीस व्हायचं होतं. रोज पहाटे ती फाट्यापर्यंत धावायची, परतल्यावर मला धुवायची, ओला खडू लावून उन्हात ठेवायची. मंगळवारी देवीला जायची तेव्हा मी पायरीखाली थांबायचो. आत जायचा मान आम्हाला नाही, पण घंटा ऐकू येई. मला तेवढंच दर्शन पुरे होतं.

मागच्या भरतीत ती मला घालून धावली आणि दोन सेकंदांनी हुकली. मला कोणी बोल लावला नाही. तेच जास्त लागलं.

यंदा तिचे वडील उदयसिंग यांनी वाशीमहून नवा जोडा आणला. वीजछाप! मित्रांनो, या विजेच्या रेघेने आमच्या हरणाला कधी गिळलं ते कळलंच नाही. ती टोप्यांवर आली, मोटरसायकलच्या मडगार्डवर आली, पोरांनी ती डोक्याच्या केसांतसुद्धा कोरून घेतली. आता ती माझ्या घरात आली.

निताची आई सुंदरबाई जोडा हातात घेऊन बसली. "बाई वो! हे पायात घालाचं हाये, का देव्हाऱ्यात ठेवाचं?"

शेजारच्या कमलीबाई डोकावल्या. "काहून वो निता, पायात वीज घालून राह्यली. आता उडतं का काय?"

"उडतो ना काकू. तुमी खाली झेलाले उभ्या राहा."

"मले काय झेलाले लावतं? या भरतीत नाही झालं तं नवरदेवच झेलीन तुले. तुह्या बानं कबूल केलं हाये सोयऱ्याले."

निता हसली नाही. उदयसिंग उठून आपली जीप पुसू लागले.

माझा उजवा जोडीदार मागच्या भरतीनंतर कुत्र्याने पळवला होता. उदयसिंग म्हणाले, "एकटा बूट कायले ठेवता? बांधा जीपच्या मांगं. नजर नाही लागन." पाहा मित्रांनो, ज्याच्या पोटात सगळ्यात जास्त जळत होतं, त्यालाच नजरेच्या राखणीला बांधलं!

मी टांगल्या टांगल्या तिला धावताना पाही आणि रोज एकच मागणं मागे, देवी, ती वीज फाटू दे. चाचणीच्या चार दिवस आधी उजव्या बुटाचा तळ पुढून थोडा सुटला. उदयसिंगांनी तो चिकटवला. त्या दिवशी मी आनंदाने झोके घेतले.

चाचणीच्या सकाळी जीप मैदानाच्या जाळीला लावली. शिट्टी झाली. पहिली फेरी निता बरोबर धावली. दुसऱ्या फेरीच्या वळणावर मला दिसलं, तो तळ पुन्हा सुटला होता. प्रत्येक पावलाला जिभेसारखा लपलप करत होता. माझं मागणं फळाला आलं होतं.

जाळीला धरून उदयसिंग ओरडत होते, "पाय उचल, माय! पाय उचल!" सुंदरबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

तेव्हा मला समजलं, तो बूट पडला तर एकटा पडणार नाही. मी घाबरलो. ज्या देवीकडे त्याचं वाईट मागितलं, तिच्याकडेच गयावया करू लागलो. आणि त्याला म्हटलं, "धर रे बाबा! शंभर पावलं धर! मग खुशाल फाट!"

त्याने धरलं. निता ठरल्या वेळेच्या तीन सेकंद आधी पोहोचली.

ती जीपपाशी आली, आईच्या गळ्यात पडली. बूट काढून तिने जीपमध्ये मागे टाकले. कमलीबाईंनी संध्याकाळी पेढा खाल्ला आणि म्हणाल्या, "म्या म्हनलोच होतो, उडन म्हून!"

लेखी परीक्षाही निता पास झाली. आता ती दूर प्रशिक्षणाला गेली आहे. तिथे सरकारी बूट मिळतात. वीजछाप जोडा ओट्याच्या कोपऱ्यात पडून आहे. मैदानाची माती त्याच्यावर तशीच वाळली आहे, तळ तसाच उघडा आहे.

हेवा गेला का, असं विचाराल तर खोटं कसं बोलू? तिच्या विजयाच्या वेळी तिच्या पायांत तो होता, मी नव्हतो. हे आजही सलतं. पण मला निदान रोज धुतलं जायचं. त्याला एकदाही कोणी पाणी लावलं नाही.

म्हणून मित्रांनो, एवढं ऐका. कधी तांड्यावर आलात, तर त्याची माती धुऊन टाका. तळाला चार टाके घाला आणि उन्हात ठेवा. थोडं माझ्या समोरच ठेवलंत तरी चालेल.