उजव्या चाकाची डिस्क

पिकअप मौला उस्तादांच्या अक्कलकोट रोडवरच्या गॅरेजात आली तेव्हा निंगप्पाच्या मनगटाचं प्लास्टर अजून निघालं नव्हतं. गाडी दुधनीच्या राजशेखर डेअरीवाल्याची, पण गेली अकरा वर्षं ती निंगप्पाच चालवत होता. वीस दिवसांपूर्वी दुधाचे कॅन घेऊन जाताना बाजारात अचानक म्हैस आडवी आली. त्यानं ब्रेक दाबला, तशी गाडी डावीकडं ओढली गेली आणि दालमिलच्या भिंतीवर आदळली. मनगट मोडलं, दूध रस्त्यावर सांडलं. त्याच संध्याकाळी डेअरीत दूध घालायला आलेल्या सगळ्यांसमोर राजशेखर म्हणाला, "पिऊन चालवत होता."

निंगप्पा लिंगायत, गळ्यात लिंग. दारू सोडाच, तो तंबाखूलाही शिवत नसे. पण शब्द गावभर फिरला आणि दुसरं कुणी त्याच्या हातात गाडी देईना.

"मौलाभाई, ब्रेककडं बघायचं काम न्हाय," गाडी सोडताना राजशेखर म्हणाला. "दिवाळीतच पुढच्या दोन्ही डिस्क नव्या घातल्यात. ह्यो बघा कागद. तुमी बंपर करा, आन् उजव्या चाकातनं आवाज येतोय तेवढा काढा."

कागदावरचं नाव वाचून मौला उस्तादांना बरंच वाटलं. गुफरान. त्यांच्या बहिणीचा मुलगा. सात वर्षं त्यांच्याच हाताखाली शिकला आणि आता जुळे सोलापुरात त्याचं स्वतःचं गॅरेज होतं.

राजशेखर गेला. त्यानंतर तासाभरानं निंगप्पा एसटीनं येऊन पोचला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तो एका जुन्या टायरवर बसला आणि म्हणाला, "उस्ताद, मी ब्रेक दाबला व्हता की. लई दाबला. आता सगळीच म्हनाय लागलीत, तर मलाच वाटतंय, माझा पाय चुकला काय?"

मौलांनी उजवं चाक काढलं. चाक ज्याच्यावर बसतं तो हब आणि त्याला जोडलेली ब्रेकची डिस्क एकत्रच बाहेर यायला हवी होती. हबवरची टोपी काढली, नट काढला, पण हब जागचा हलेना. गंज सोडवायचं तेल मारून ते जेवून आले. मग हब ओढून काढायचा पुलर लावला. पुलरचा स्क्रू करकरला, पण हब तसाच. गॅसची ज्योत चारी बाजूंनी फिरवून हातोड्याचे ठोके घातले, पुन्हा पुलर आवळला. चार वाजता धाडकन आवाज झाला आणि हब निघाला.

आतलं ग्रीस वाळून डांबरासारखं झालं होतं. मौलांनी हब पालथा केला. डिस्क हबला जोडणाऱ्या बोल्टांवर गंजाचे जाड पापुद्रे होते, एकावरसुद्धा पान्ह्याची खूण नव्हती. डिस्कची बाहेरची बाजू तेवढी तारेच्या ब्रशनं घासून चकचकीत केलेली. आतली बाजू खरूज झाल्यासारखी, मधे खोल घळ पडलेली.

त्यांनी डावं चाक उघडलं. तिथली डिस्क नवी कोरी होती.

"निंगप्पा, हितं ये," ते म्हणाले. "डावीकडचा ब्रेक धरतोय, उजवीकडचा धरतच न्हाय. असली गाडी डावीकडं ओढणार न्हाय तर काय करणार? तुझा पाय चुकला न्हाय."

निंगप्पानं चांगला हात डिस्कवरून फिरवला. बोटांना गंज लागला. मग तोंड फिरवून त्यानं खांद्यावरच्या टॉवेलनं डोळे पुसले.

मौलांनी गुफरानला फोन करून बोलावून घेतलं. तो आला, जमिनीवर ठेवलेला हब बघितला आणि त्याचा चेहरा उतरला. गॅरेजात मामा-भाचे मराठीच बोलत, पण आता त्याच्या तोंडून घरचीच बोली निघाली. "मामू, निकलीच नै वो. दो दिन ठोक्या. मालक घाई करत था."

"निघाली न्हाय तर कागदावर तसं लिहायचं! माणसाला सांगायचं, गाडी चालवू नको म्हणून! ब्रशनं घासून चकचकीत कुणासाठी केलीस? मी शिकवलं व्हय तुला हे?" मौलांनी हातातला पान्हा भिंतीवर फेकला. "ह्याचं मनगट मोडलं. ह्याला दारुडा ठरवलं. आणि तू दुकानाला नवा बोर्ड लावून बसलास!"

गुफराननं खिशातला फोन काढला. "मामू, मी राजशेखरना फोन करून सांगतो."

"फोन न्हाय. जिथं ह्याला बोललेत तिथं जाऊन सांगायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीत रांग लागलेली असताना मौलांनी पोत्यात बांधून आणलेली डिस्क वजनकाट्याशेजारी ठेवली. गुफराननं सगळ्यांदेखत सांगितलं, अडखळत, पण पूर्ण. रांगेतल्या बायका किटल्या खाली ठेवून ऐकत होत्या.

राजशेखर कसंनुसं हसला. "झालं ते झालं. मला तरी काय म्हायती? निंगप्पा, प्लास्टर निघालं की ये कामावर."

"मालक, मी पिलो नव्हतो," निंगप्पा म्हणाला.

"आता कळलं की ते."

"तुमी ह्यांच्यासमोर बोलला व्हता. ह्यांच्यासमोरच सांगा."

राजशेखरनं इकडंतिकडं बघितलं. कुणीच हललं नाही. "पिला नसेल," तो पुटपुटला.

"नसेल काय?" मौला कडाडले. "तुमी त्याचं तोंड हुंगलं व्हतं? डॉक्टरला विचारलं व्हतं? अकरा वर्षं तुमचं दूध वाहिलं त्यानं, आणि तुमी त्याला एक सवालसुद्धा केला न्हाय!"

"पिला नव्हता," राजशेखर मोठ्यानं म्हणाला. "माझं चुकलं."

निंगप्पानं मान हलवली. पण कामावर येतो असं तो म्हणाला नाही. रांगेतल्या वीरभद्रप्पानं तिथंच विचारलं, "माझ्या टेम्पोवर येतोस काय?" तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

परतताना मोटरसायकल गुफरान चालवत होता. अक्कलकोट मागं पडलं. बहिणीला काय सांगायचं, हे मौलांना अजून सुचत नव्हतं. एका चहाच्या टपरीशी गुफराननं गाडी थांबवली, पण तो उतरला नाही.

"मामू, आणखी दोन गाड्या आहेत. त्यांच्यापण डिस्क निघाल्या नव्हत्या."

मौलांना वाटलं, ह्याच्या कानाखाली ओढावी. मुठी आवळून त्यांनी विचारलं, "कुणाच्या?"

"एक भाजीवाल्याची." गुफरान थांबला. "दुसरी शाळेची पोरं नेते."

"शाळा कधी सुटते?"

"साडेबाराला."

मौलांनी घड्याळ बघितलं. साडेदहा झाले होते. "शाळेच्या ड्रायव्हरला आत्ता फोन लाव, मग भाजीवाल्याला. म्हणावं, गाडीला हात लावू नको. आणि चल."