दार नको असलेलं घर

वादळ भिवंडीवरूनही गेलं होतं, पण इथे चार झाडं आणि काही पत्रे यावरच निभावलं. रायगडच्या डोंगरातल्या वाड्यांचे फोटो मोबाइलवर आले, तेव्हा नारपोलीच्या साजिदाने गल्लीतल्या बायकांना घेऊन मदत गोळा करायला सुरुवात केली. काल्हेरच्या तुळशीराम पाटलांनी आपलं गोदाम उघडून दिलं, ट्रकही दिला. पहिल्या फेरीत धान्य आणि चादरी गेल्या. दुसऱ्या फेरीत छपराचे पत्रे, आणि ज्यांची दारं गेली होती त्यांच्यासाठी लोखंडी दारं. या फेरीला दोघंही ट्रकबरोबर गेली.

शेवटचं घर वाडीच्या वरच्या अंगाला होतं. तिथे पार्वतीबाई एकट्या राहत. वाडीतल्या माणसांनी पत्रे ठोकले आणि दार उचलून चौकटीपाशी आणलं.

"पत्रे राहू द्या," पार्वतीबाई म्हणाल्या. "दार न्या परत."

तुळशीराम हसले. "मावशी, पाऊस तोंडावर हाय. जनावर शिरंल घरात. दार पायजेलच."

"माझं दार वाऱ्यानं न्हाय गेलं. मीच तोडलं, कुऱ्हाडीनं."

माणसं दार धरून तशीच उभी राहिली. साजिदा उंबऱ्यावर पार्वतीबाईंच्या शेजारी टेकली. मग त्या बोलू लागल्या.

"त्या दुपारी मालक गुरं सोडायला गोठ्यात गेले. वारा घरात घुसाय लागला म्हणून मी कडी घातली, वर पाटा टेकवला. मग दार वाजाय लागलं. तसं तर सगळंच वाजत होतं, खिडकी, भांडी, पत्रे. मला वाटलं, वाराच हाय." त्यांनी पदर सारखा केला. "मग बाकीचं सगळं वाजत राहिलं, दार तेवढं थांबलं. तवा मला कळलं."

"वाराच असेल, मावशी," साजिदा हळूच म्हणाली.

"असंल. पण उघडलं तवा ते पायरीवर होते. पाठीत फांदी पडलेली. हात दाराला लागलेला."

तुळशीरामांनी खूण केली. माणसांनी दार उचललं आणि उतारावरून खाली नेलं.

डोंगरावरून वाऱ्याची झुळूक आली, नवे पत्रे थरथरले. पार्वतीबाईंनी मान वर केली आणि रोजच्याच आवाजात म्हणाल्या, "या."

समोर अंगण रिकामं होतं. साजिदाने नकळत पाय जवळ घेतले, वाट मोकळी केली.

परतताना दार ट्रकच्या हौद्यात आडवं पडलेलं होतं. प्रत्येक खड्ड्याला ते मागे आदळायचं. तुळशीराम ड्रायव्हरशेजारी बसून रस्त्याकडे बघत होते, साजिदा खिडकीपाशी. पनवेल मागे पडलं. रस्ता गुळगुळीत लागला. मागून मात्र ठोकल्यासारखा आवाज येतच होता, तीनदा, मग थांबून पुन्हा.

"थांबव रं," तुळशीराम ड्रायव्हरला म्हणाले.

ते उतरले. मागचं फळकं पडल्याचा आवाज आला. ते बराच वेळ मागेच होते. परत येऊन बसले तेव्हा कपाळावर घाम होता.

"कोनी न्हाय," ते म्हणाले.

साजिदाने विचारलंच नव्हतं.