दीड भुजा

तो पोटासाठी लेथ चालवायचा आणि हौसेपायी दुर्बिणीचे आरसे घासायचा. सोळा इंची आरसा दोन वर्षं हातानं घासून त्यानं गच्चीवर दुर्बीण उभी केली. हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळाच्या सरांनी एकदा डोळा लावला आणि फर्मान सोडलं, "आरसा भोंगळ आहे. त्या फिकट सर्पिल दीर्घिकेच्या, त्या ताऱ्यांच्या भोवऱ्याच्या, दोन्ही भुजा यातून बघून चित्रात काढून दाखव, मग मंडळाच्या वहीत नाव घालू."

सरांनी जन्मात काच घासली नव्हती. विकतच्या दुर्बिणीवर मिरवणाऱ्याला घासणाऱ्याच्या खांद्याची कळ काय कळणार! पण बोल झोंबले ते झोंबलेच.

मंडळाचा नियम साधा: दुर्बिणीतून दिसेल तेवढंच, तिथल्या तिथे, पेन्सिलीनं काढायचं. तीन रात्री तो दुर्बिणीला लावलेल्या शिडीवर चढला. चौथ्या दिवशी चित्र तयार. दोन भुजा, वर एक तारा, सगळं झोकात.

त्या रात्री बायकोनं चित्र पाहिलं आणि पदर खोचून शिडी चढली. शिवणकाम करणारी बाई. काळ्या कापडावरची काळी टीप उसवणारे डोळे.

"धुरकट डाग आहे नुसता."

"थेट बघू नकोस. नजर जरा बाजूला ठेव, मग उमटेल."

"शेजारणीच्या घरात बघतात तसं?"

"तस्संच."

तिनं नजर बाजूला सरकवली. मग म्हणाली, "आली! एक बाक आहे. दुसरा निम्म्यातच विरतो. आणि अहो, तारा खाली आहे की! तुम्ही वर कसा काढलात?"

त्यानं चित्राकडे पाहिलं. या दुर्बिणीतून सगळं उलटं दिसतं. तारा वर असतो तो पुस्तकातल्या फोटोत.

"फोटोवरून उतरवलंत?"

"दीडच दिसते गं. सर म्हणतील, आरसा भिकार."

"म्हणू देत. आरसा तुमच्या घामाचा आणि भुजा उसन्या?"

त्यानं चित्र टराटरा फाडलं, कोरा कागद घेतला आणि शिडी चढला.

रविवारी अंधार पडल्यावर सर आले, नवं चित्र पाहिलं. "दीडच?"

"दीडच. जास्त दिसली तर तुमच्या हातानं काढा."

सर कागद-पेन्सिल घेऊन चढले. मान अवघडेपर्यंत वर राहिले. उतरले तेव्हा कागद कोराच होता.

"निम्मीच दिसते दुसरी," ते पुटपुटले. "माझ्या दुर्बिणीतून तेवढीही नाही." त्यांनी वही उघडून त्याचं नाव घातलं.

"खाली हिचंही घाला," तो म्हणाला. "दीडच आहे हे खरं आधी हिनं सांगितलं."