जिन्याच्या मधोमध

बायको आंघोळीला गेल्याचं पाहून मास्तरांनी तिचा चष्मा उचलला, खिडकीपाशी नेला आणि भिंगावर तोंडाची वाफ सोडली. काठाजवळ एक बारीक कोरीव खूण उमटली आणि लगेच विरली. मास्तर भिंगांची डिझाइनं करत, त्या कंपनीत प्रत्येक डिझाइनची अशी खूण असे. एरवी ती कुणाच्या ध्यानात येत नसे. ही खूण त्यांची नव्हती. धाकटीची होती.

धाकटी म्हणजे विभागातली सगळ्यात तरुण डिझायनर. तिला प्रोग्रेसिव्ह भिंगांची बाराखडी मास्तरांनीच शिकवली होती. वर दूरचं, खाली जवळचं, आणि मध्ये दोन्ही जोडणारी अरुंद वाट. ही वाट केली की तिच्या दोन्ही अंगांना धूसरपणा साठतोच. तो नाहीसा करता येत नाही, फक्त कुठे ठेवायचा ते ठरवता येतं. मास्तरांनी तो आयुष्यभर खालच्या कोपऱ्यांत दाबून बसवला, म्हणजे वाचायला ऐसपैस जागा मिळते. धाकटीने तो सगळ्या कडांवर पातळ पसरला. आता दोघांच्या भिंगांची चाचणी चालू होती. काही माणसांनी आधी एक चष्मा वापरायचा, मग दुसरा. कुठला कुणाचा हे त्यांना सांगायचं नाही. चाचणीवाल्यांनी मास्तरांच्या बायकोचंही नाव घातलं होतं. घरी काही विचारायचं नाही, एवढीच अट होती.

मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"चांगला आहे की," बायको म्हणाली होती. पाहुण्यांच्या मुलाने गाणं म्हणून दाखवल्यावर ती असंच म्हणायची.

दुसरा चष्मा आला तेव्हा विचारावंच लागलं नाही.

"अहो, बघा!" सुईत दोरा ओवून तिने ती नाचवली. "पहिल्या झटक्यात. आणि मान कोंबडीसारखी वरखाली करावी लागत नाही."

ती नाटकांचे पोशाख शिवायची. दिवसभर हातात सुई, नजर रंगमंचावर, आणि कपड्यांचे ढीग घेऊन नाट्यगृहाच्या माळ्यावरून खाली ये-जा. या दुसऱ्या चष्म्यात ती घरात गुणगुणू लागली. जेवताना मास्तरांकडे पाहून एकदम म्हणाली, "तुमच्या कानाजवळचे केस पांढरे झालेत की हो सगळे!"

 चाळिशी लागल्यापासून तिने जे जे पाहिलं, ते त्यांनी बनवलेल्या भिंगातून पाहिलं होतं. आता तिच्या नजरेवर दुसऱ्याच कुणाचा तरी हात फिरला होता, आणि ती खुशीत होती. कुणी तिला फुलं पाठवली असती तर इतकं पोटात दुखलं नसतं.

न्हाणीघरातलं पाणी अजून वाहत होतं. मास्तरांनी खणातून बारीक पक्कड काढली आणि चष्म्याची नाकावर टेकणारी दोन्ही नोजपॅड आतल्या बाजूला किंचित दाबली. चष्मा आता नाकावर जरा वर बसणार होता. जवळचं बघायचा भाग वर सरकेल, पायाखाली पाहताना मध्ये येईल. ती कुरकुरेल, एवढंच. त्यांनी चष्मा होता तसाच घडी करून ठेवला.

ती कुरकुरली नाही. दुसऱ्या दिवशी नाट्यगृहातून तिला रिक्षाने घरी आणलं. माळ्याच्या जिन्यावर शेवटची पायरी चुकली होती. घोटा सुजला होता. हाड शाबूत होतं.

"चष्म्याने काही त्रास झाला का?" मास्तरांनी पाय उशीवर ठेवत विचारलं.

"चष्म्याचं काय? वय झालं माझं. हातात एवढे झगे, कोण धावायला सांगतं?" तिने डोळे मिटले. "आता मदतीला कुणीतरी ठेवावं लागेल बहुतेक."

ती झोपल्यावर मास्तरांनी नोजपॅड पूर्ववत केली. 

चाचणीच्या शेवटी प्रत्येकाला बोलावून विचारायची पद्धत होती. डिझायनरांना शेजारच्या खोलीत बसून ऐकता येई. बायको काठी टेकत आली. मास्तर आणि धाकटी एकमेकांकडे न बघता खुर्च्यांवर बसले.

"दोन्हींपैकी कुठला ठेवाल?" चाचणीवाल्याने विचारलं.

"दुसरा."

"पण तुम्ही पडलात तो दुसराच घालून, असं इथे नोंदलंय."

"हो, पडले ना," बायको म्हणाली. "पहिल्यात पडले नसते. इतकी वर्षं मी जिन्याच्या कडेकडेनेच उतरते, भिंतीला हात लावून. मला वाटायचं, सगळेच तसे उतरतात. यात मला पहिल्यांदा मधोमध चालावंसं वाटलं. म्हणून पडले."

 घरच्या जिन्यावर भिंतीला हात लावून उतरताना मास्तरांनी तिला रोज पाहिलं होतं. तिची सवय समजून सोडून दिलं होतं.

बायको निघाल्यावर ते धाकटीच्या टेबलापाशी गेले. पडद्यावर तिचं भिंग रंगीत नकाशासारखं पसरलेलं होतं आणि ती खालचा भाग खोडत होती.

"काय करतेस?"

"बदलतेय. पुढच्या फेरीला हे नाही पाठवत मी." ती खोडतच राहिली. "काकू चांगल्या आहेत म्हणून तसं बोलल्या. पण माणूस पडलं ना, मास्तर. तुमच्यासारखाच कोपऱ्यात दाबते धूसरपणा. तुम्ही म्हणत होतात तेच खरं."

हे वाक्य ऐकायला मास्तर कित्येक महिने आसुसले होते.

"बदलू नकोस," ते म्हणाले. "भिंगात दोष नव्हता. नोजपॅड आत दाबली गेली होती. चष्मा वर बसत होता."

धाकटीचा हात थांबला. "पण मी स्वतः बसवून दिला होता. तुम्हाला कसं कळलं?"

घरी सहज पाहिलं, असं म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं नसतं, आणि कुणी पुढे विचारलंही नसतं. शब्द ओठांपर्यंत आले होते.

"मीच दाबली," मास्तर म्हणाले.

 धाकटी पडद्याकडे वळली आणि खोडलेलं एकेक परत आणू लागली. मास्तर उभेच होते. बसा असं ती म्हणाली नाही.

"काकूंना माहीत आहे?" तिने वळून न बघता विचारलं.

"नाही."

"त्यांचा पाय दुखतोय," धाकटी म्हणाली. "अजून खालपर्यंत पोचल्या नसतील."

मास्तरांनी दार उघडलं. खालून, एकेका पायरीवर काठी टेकल्याचा आवाज येत होता. ते जिना उतरू लागले.