बेडकांचं न्हाणीघर

भाच्याचं पत्र महिनाभर माझ्या टेबलावर पडून होतं. उत्तर मी दिलं नव्हतं. तो शहराच्या उद्यान खात्याचा साहेब. बागेतल्या तळ्याचं त्याने 'बेडूक संवर्धन केंद्र' करून टाकलं होतं. चहूबाजूंनी थेट पाण्यातून उठणारी कंबरभर उंच, गुळगुळीत निळ्या फरशीची भिंत आणि फाटकावर चष्मा लावलेला प्लास्टिकचा बेडूक. आणखी पाच तळ्यांची अशीच वाट लावायची होती, आणि त्यासाठी बेडकांवर पुस्तक लिहिणाऱ्या मामाची शिफारस हवी होती. ते पुस्तक घरच्यांखेरीज कोणी वाचलेलं नाही. घरच्यांचीही खात्री देता येत नाही.

भिंत मला खटकली होती. पण मला स्वतःच्या शंकेचीही शंका येते. इंजिनियरांनी काहीतरी विचार केलाच असेल, असं म्हणून गप्प बसलो.

रविवारी तो स्वतःच आला. लोक किती फोटो काढतात, बाकांना रंग कोणता दिला, हे अर्धा तास सांगत होता. पिल्लं पाण्याबाहेर कशी येणार, असं मी चाचरत विचारलं.

"मामा, बेडूक आहेत ते. उड्या मारतील की."

"नखाएवढी असतात रे."

"मग मोठी झाली की मारतील. तुम्ही फार खोलात शिरता."

तो गेल्यावर बायको म्हणाली, "त्याने तुमचं पुस्तक वाचलं असतं तर भिंत बांधली नसती. तुम्ही ते परत वाचलं असतं तर एव्हाना उत्तर गेलं असतं."

सकाळी तळ्यावर गेलो. कल्ले जाऊन आता हवेवर जगणारी, शेपूट नुकतंच जिरलेली पिल्लं फरशीवर चढत होती, घसरत होती. कोपऱ्यात बुडून मेलेल्यांचा थर साचला होता. पाणी फोटोत स्वच्छ दिसावं म्हणून माळी तो जाळीने काढत होता. साहेबांचा हुकूम, म्हणाला.

घरी येऊन लिहिलं: 'चि. भाच्यास, तू बेडकांसाठी न्हाणीघर बांधलं आहेस आणि त्यात बेडूक मरत आहेत. एका बाजूची भिंत आजच फोडून मातीचा उतार कर. एवढा मूर्खपणा करायला शिफारस लागत नाही, म्हणून ती देत नाही. प्रत वर्तमानपत्राला पाठवली आहे.'

दोन्ही लिफाफे टपालपेटीत टाकले. लगेच वाटलं, 'मूर्खपणा' जरा सौम्य करायला हवा होता. पेटीच्या फटीत माझी फक्त बोटं शिरली.