आठव्या भागातील बाई

सुजाण नागरिकहो, कायद्याच्या पुस्तकात ज्याचे कलम अद्याप नाही, असा एक अपराध आजकाल घराघरांत घडतो. दोघांनी मिळून पाहायची ठरलेली मालिका त्यांपैकी एकाने तिसऱ्याच माणसासोबत आधीच पाहून टाकायची! गुन्हेगाराला पुरावा नष्ट करण्याचेही भान राहत नाही. टीव्हीच्या पडद्यावर त्या भागाखालची लाल रेघ शेवटपर्यंत भरलेली असते, आणि ती पंचनाम्याइतकी स्पष्ट बोलते.

रविवारी दुपारी तीन वाजता, पडदे ओढून, पंखा दोनवर ठेवून ताई सोफ्याच्या आपल्या कोपऱ्यात बसली आणि तिला ती रेघ दिसली. अकरावा भाग पूर्ण. बारावा, म्हणजे शेवटचा, तोही पूर्ण.

"अकरावा कोणी पाहिला रे?" तिने विचारले.

सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेला तिचा धाकटा भाऊ नखांत अडकलेले गुलाबी मेण काडीने काढत होता. तो कवळ्या घडवणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होता, आणि ते मेण रविवारीही त्याचा पिच्छा सोडत नसे. त्याने मान वर केली नाही.

ताई अडतीस वर्षांची. चष्म्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांची नजर तपासणे हे तिचे काम, दिवसभर ती काचा बदलत विचारी, "हे स्पष्ट की ते?" धाकटा तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. वडील लवकर गेले, आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पाळ्यांवर जाई. त्यामुळे धाकट्याचा ताप, गृहपाठ आणि हट्ट हे सारे ताईच्या वाट्याला आले, आणि तिने ते कोणाला वाटूनही दिले नाही. गेली सहा वर्षे ती दोघे दर रविवारी दोन तरुण पुरुषांच्या प्रेमाच्या आशियाई मालिका पाहत. चाहते त्यांना 'बीएल', म्हणजे 'बॉइज लव्ह', म्हणतात. ताई त्यांवर 'रोखठोक' या नावाने इंटरनेटवर लिही, आणि चार हजार माणसे ते वाचत.

लेखन खरोखरच रोखठोक होते. नायक इंजिनियरिंगचा विद्यार्थी, पण बारा भागांत त्याने एकदाही वही उघडलेली नाही, यावर तिने दोन पाने खर्ची घातली होती. एक जण घसरतो, दुसरा त्याला सावरतो, आणि कॅमेरा तेच तीन बाजूंनी दाखवतो. हे ज्या दिवशी थांबेल त्या दिवशी प्रत्येक भाग वीस मिनिटांत आटपेल, असा तिचा हिशेब. मनगट आवळून "तू त्याच्याशी का बोललास?" असे दरडावणाऱ्या नायकाला ती प्रियकर न म्हणता जेलर म्हणे. 'मत्सराला प्रेमाचा दाखला मानणारा लेखक आळशी असतो,' हे तिचे वाक्य वाचकांनी ठिकठिकाणी चिकटवले होते.

पण तिचा खरा राग होता आठव्या भागातील बाईवर. प्रेमिकांचे जरा बरे चालले की आठव्या भागात एक बाई उगवते. कधी बहीण, कधी मैत्रीण, कधी लग्न ठरून मोडलेली मुलगी. ती चोरून ऐकते, आईकडे जाऊन कान भरते, आणि बाराव्या भागापर्यंत कोठे विरघळते ते कोणी विचारत नाही. 'अशी बाई जगात नसते,' असे ताईने गेल्याच महिन्यात लिहिले होते. 'हिला ना नोकरी, ना छंद, ना पाठदुखी. लेखकाला भांडण हवे असते म्हणून ही जन्माला येते.' त्यातली पाठदुखी वाचकांना फार आवडली. ती धाकट्याने सुचवलेली. ताईच्या निम्म्या विनोदांचा उगम धाकट्यात होता आणि हे त्या दोघांखेरीज कोणाला ठाऊक नव्हते. निदान ताईची तशी समजूत होती.

"मी पाहिला," धाकटा अखेर म्हणाला. "सॉरी, ताई."

"एकट्यानं?"

"नाही. लिफ्टवाल्यासोबत."

ताई हसली. "आपल्या बिल्डिंगचा लिफ्टवाला? महिन्यातून एकदा येतो, चार बटणं दाबतो आणि सही घेऊन जातो, तो? त्याला काय डोंबल कळणार त्यातलं?"

"कळतं त्याला. आणि ताई..." धाकट्याने काडी खाली ठेवली. "तो माझा आहे. म्हणजे, मी त्याचा. आठ महिने झाले."

येथे वाचकांनी नीट लक्ष द्यावे. ताईच्या तोंडून निघालेले पहिले वाक्य होते, "आठ महिने? आणि मला आज सांगतोयस?" ते वाक्य खरे होते; थेट पोटातून आले होते. त्यानंतरचे एकही वाक्य तिचे नव्हते. लोक काय म्हणतील. आईचं वय बघ. घराला काही रीत असते. ही वाक्ये कोणत्याही नाक्यावर पडलेली असतात. ज्याला स्वतःचे खरे बोलायची लाज वाटते, तो ती उचलतो.

"ताई, प्रेम लपवायला लावणारी घरं म्हणजे तुरुंग, असं तूच लिहिलंयस ना?"

"ते वेगळं!"

ते वेगळे! ढोंगाचा इतिहास लिहायचे कोणी मनावर घेतलेच, तर पहिल्या खंडाला हेच नाव शोभेल. पडद्यावरच्या परक्या मुलांसाठी या बाईने सहा वर्षे रुमाल भिजवले होते. चार फुटांवर बसलेल्या आपल्याच घरच्या मुलासाठी तिच्याजवळ फक्त कपाळावरची आठी होती. अशी माणसे थोडी नाहीत. त्यांना दूरचे दुःख आवडते, कारण ते बटण दाबून बंद करता येते.

"आईला मीच सांगणार आहे," धाकटा म्हणाला. "पुढच्या रविवारी. तिच्या डोळ्याची पट्टी निघू दे. तोवर फक्त गप्प राहा, ताई. आजवर तुझ्याकडे एवढं काही मागितलं नाही. मला माझ्या तोंडानं सांगू दे."

ताईने मान हलवली. होकाराचीच ती मान होती.

पुढचे तीन दिवस तिने जळत काढले. दुकानात एक आजोबा "दोन्ही सारखंच दिसतंय हो" म्हणाले, तर ही त्यांच्यावर खेकसली, "नीट बघा जरा!" घर पाचव्या मजल्यावर, पण ती लिफ्टमध्ये पाऊल टाकेना. लिफ्ट त्याची, म्हणून शत्रूची. धापा टाकत दारात आली की आई विचारी, "लिफ्ट बंद आहे का ग?" ही म्हणे, "नाही, व्यायाम." फोनवर धाकटा हसला की पलीकडे तोच असणार. धाकट्याने नवा शर्ट घातला की त्यानेच निवडलेला असणार. ताप आला की आता तो कोणाला हाक मारणार? हा प्रश्न तिला चष्म्याची काच पुसता पुसता पडला, आणि ती एकच काच दहा मिनिटे पुसत राहिली.

बुधवारी संध्याकाळी जिना चढताना तिसऱ्या मजल्यावर तिला ते दोघे दिसले. लिफ्टचे दार उघडे, पायरीवर हत्यारांची पेटी, आणि थर्मासच्या एकाच झाकणातून दोघांचा चहा चाललेला. तिला पाहताच लिफ्टवाला हात पुसत उठला.

"ताई, तुमचं सगळं वाचतो मी," तो म्हणाला. "एक सांगू? रागावू नका. त्या मालिकेत ते दोघं लिफ्टमध्ये अडकतात आणि मिट्ट अंधार होतो. तुम्ही लिहिलंत, प्रसंग छान जमलाय. पण लिफ्ट अडकली तरी आतला दिवा जात नाही हो. तो बॅटरीवर असतो. आत तास तास माणसं एकमेकांचं तोंड बघत बसतात. मी बाहेर काढलीत ना कितीतरी. लाजायला उजेड लागतो, ताई. अंधार केला की लेखक सुटला."

निरीक्षण अचूक होते, आणि सहा वर्षांत ते तिला सुचले नव्हते. या गोष्टीसाठी तिने त्याला कधीच क्षमा केली नसती.

धाकटा खळखळून हसला. "बघितलंस? आणि ताई, ती पाठदुखी होती ना, तीसुद्धा याचीच. माझी म्हणून दिली तुला."

ते हसू ताईला परिचित होते. तिला वाटत असे की ते एकाच सोफ्यावर उमटते. ती उरलेले दोन मजले चढून गेली.

आई पलंगावर वाट पाहत होती. तिचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते आणि संध्याकाळचे थेंब ताईच घाली. ताईने पट्टी सोडली, थेंब टाकले, आणि नेहमीप्रमाणे बजावले, "पाच मिनिटं डोळे उघडू नकोस."

त्या पाच मिनिटांत तिने सारे सांगून टाकले. आठ महिने, लिफ्टवाला, जिना, एक झाकण. वर घराची रीत, लोकांची तोंडे, आणि "त्याच्या भल्यासाठीच सांगतेय ग" हेही.

आईच्या मिटल्या डोळ्यांतून थेंब गालावर ओघळला; तो औषधाचा होता की नाही, हे सांगता येणार नाही.

"झालं सांगून?"

"तुला धक्का नाही बसला?"

"बसला तर. डोळे मिटलेत म्हणून तुला दिसला नाही." आई म्हणाली. "तो मला कधी सांगणार होता?"

"रविवारी."

"आणि तुला गप्प राहा म्हणाला होता?"

ताई थेंबांच्या बाटलीचे टोपण फिरवत राहिली.

"मी एकतीस वर्षं लोकांचे फोन जोडले," आई म्हणाली. "ऐकायचं नाही असा नियम होता, आणि आम्ही सगळ्या ऐकायचो. तोंडं दिसायची नाहीत, नुसते आवाज. भल्यासाठी बोलणारा आवाज कसा असतो ते मला चांगलं कळतं. तो अडखळतो. तुझा एकदाही अडखळला नाही. सरळ धावत आला. असा आवाज कुणाचा असतो, सांगू? ज्याची जागा दुसऱ्यानं घेतली त्याचा."

"आई, मी त्याला वाढवलं!"

"वाढवलंस. मी पाळीवर असायचे, तू नसतीस तर त्याचं काय झालं असतं देव जाणे. पण वाढवलेलं माणूस आपल्याला परत मिळत नसतं, बाई. आणि खरं सांग, त्यानं एखादी मुलगी आणली असती तर तुला काय झालं असतं?"

ताईने उत्तर शोधले. मुलगी! तीही थर्मासच्या झाकणातून चहा प्यायली असती; तिलाही लिफ्टमधला दिवा ठाऊक असता... आणि ताई तिच्याही विरुद्ध काहीतरी घेऊन याच पलंगाशी आली असती. फक्त नाक्यावरची वाक्ये निराळी उचलली असती. रीत, लोक, घराणे, यांपैकी काहीही तिला खुपत नव्हते. खुपत होती ती झाकणातली तिसरी जागा, जी नव्हतीच!

आणि मग तिला कळले. जिन्यात दोघांना पाहणारी, वर येऊन आईचे कान भरणारी बाई. तिला नोकरी होती, छंद होता, पाच मजले चढून पाठही दुखत होती. अशी बाई जगात असते! ती स्वतःच होती!

"आता काय करू?" तिने विचारले.

"मला विचारू नकोस. मला माझंच उमगायला वेळ लागेल. मी काही रातोरात शहाणी होणार नाही. पण तो आल्यावर मी काही ऐकलंच नाही, असं नाटक माझ्याच्यानं व्हायचं नाही. ते तू निस्तर."

दारात किल्ली फिरली. ताई बाहेरच्या खोलीत गेली आणि धाकट्याने चपला काढायच्या आतच म्हणाली, "मी आईला सांगितलं. तुझ्या भल्यासाठी नाही. मला त्याचा हेवा वाटला म्हणून."

धाकट्याने आरडाओरडा केला असता तर बरे झाले असते. त्याने तिच्याकडे नुसते पाहिले. "एकच वाक्य होतं ग माझं," तो म्हणाला. "आठ महिने पाठ करत होतो." मग तो आत गेला. दार लोटले जाण्यापूर्वी ताईला आईचा आवाज ऐकू आला: "बस इथं. तुझ्या तोंडून मी अजून काहीच ऐकलेलं नाही."

ताई जिना उतरून तिसऱ्या मजल्यावर आली. लिफ्टवाला हत्यारे भरत होता. तिने त्यालाही तेच सांगितले, एकही शब्द न गाळता. त्याच्या हातातला पाना तसाच राहिला.

"हेवा वाटला, तर तेवढंच म्हणायचं ना, ताई," तो म्हणाला. "आम्ही जरा सरकून बसलो असतो."

यानंतर सारे सुरळीत झाले असे लिहिणे सोपे आहे, आणि खोटेही. आईने लिफ्टवाल्याला घरी बोलवायला दोन महिने घेतले. धाकटा ताईशी सात आठवडे कामापुरते बोलला. हिरावून घेतलेले ते वाक्य त्याला कोणीच परत देऊ शकले नाही, आणि त्याबद्दलची त्याची तक्रार ताईने ऐकून घेतली. 'रोखठोक'वर तिने लिहिले: 'आठव्या भागातील बाई खोटी असते, हे माझे मत मी मागे घेते. ती खरी असते. खोटे एवढेच, की लेखक तिच्या मनात डोकावत नाहीत. डोकावले तर तिथे संस्कृती सापडणार नाही, एक रिकामी झालेली खुर्ची सापडेल. मी पाहिली आहे. आणि लिफ्टमधील दिव्याविषयीचे निरीक्षण ज्याचे आहे, त्याच्याच परवानगीने पुढे देत आहे.'

नागरिकहो, आपल्या समाजात दुसऱ्याच्या प्रेमाविरुद्ध उठणाऱ्या आवाजांना नीतीची चाड असते असा आपला समज आहे. तो सोडून द्यावा. यांतील बहुतेक आवाज मत्सराचे असतात, एकटेपणाचे असतात, हातून माणूस निसटल्याच्या दुःखाचे असतात. नीती त्यांनी वरून पांघरलेली असते, कारण उघड्या मत्सराला कोणी खुर्ची देत नाही आणि नीतीला व्यासपीठ मिळते. तेव्हा कोणाच्या प्रेमाविषयी तुमच्या जिभेवर 'समाज' हा शब्द येईल, त्या क्षणी थांबा आणि स्वतःला विचारा, यात माझे नेमके काय गेले? काहीच गेले नसेल, तर गप्प बसा. काही गेले असेल, तर त्यासाठी खुशाल रडा. पण स्वतःच्या नावाने रडा, समाजाच्या नावाने नव्हे!